नकाशातली बाग

मायाक्काची सून रेश्मा बाळंतपणाला म्हणून वैरागला माहेरी गेली, आणि पोरगी दहा महिन्यांची झाली तरी परत आली नाही. भांडण झालेलं नव्हतं. नवऱ्याशी, युवराजशी, रोज फोनवर बोलायची, सासूच्या गुडघ्याची चौकशी करायची, पोरीला मोबाईलसमोर धरून "आजीला टाटा कर" म्हणायची. फक्त कधी येतेस म्हटलं की एकच उत्तर द्यायची.

"मोरीला दार करा आत्या. त्या दिवशी येते."

दार करणं अवघड नव्हतं. युवराजनं निळं प्लॅस्टिकचं दार आणूनही ठेवलं होतं, वर्षभर ते शेडला टेकून उभं होतं. पण दाराला भिंत लागते, आणि स्वतःच्या जागेत भिंत बांधायची मायाक्काला बंदी होती.

जागा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागे, दोन गुंठे. मायाक्का मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची. लग्नात बापानं दिलेली मेंढरं तिनं भावाच्या कळपात वाढवली होती. ती विकून ही जागा घेतली. नवरा सिद्धराम टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता, भाड्याच्या खोलीला दोघं कंटाळले होते. रीतसर खरेदीखत झालं, सातबाऱ्यावर नाव लागलं. विटा आल्या, चौथरा झाला, भिंत कंबरेपर्यंत आली, आणि एक दिवस महापालिकेच्या ऑफिसची जीप दारात थांबली. उतरलेल्या माणसानं बॉनेटवर नकाशा पसरला आणि एका हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"इथं बाग आहे."

मायाक्कानं इकडंतिकडं पाहिलं. दगड होते, वेडी बाभळ होती, आणि बाभळीत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या.

"कुटं हाय?"

"नकाशात आहे. आरक्षण आहे बाई, फार जुनं."

भिंत त्याच दुपारी पाडली. पत्र्याचं शेड चालेल, पक्कं काही चालणार नाही, असं सांगून जीप गेली. खरेदीवर शिक्का मारणाऱ्या सरकारनं बागेचं नाव काढलं नव्हतं. भिंत पाडणाऱ्या सरकारला खरेदीचा पत्ता नव्हता. शेडची घरपट्टी तेवढी न चुकता येऊ लागली. सिद्धराम ती पहिल्याच आठवड्यात भरून यायचा. वीजबिलवाला दारात आला तरी उठून उभा राहणारा माणूस तो. "सरकारशी कोन भांडनार?" म्हणायचा, आणि जेवायला बसायचा.

मोरीला चार बांबू आणि कारखान्यातून आणलेल्या डागी चादरी. ट्रक गेला की चादर उडायची. मायाक्काला ते सोसत होतं. तिचं बालपण कळपामागं रानात गेलेलं. पण पलीकडं अंबुबाईचं दुमजली घर झालं, त्यावर गच्ची झाली, आणि गच्चीवर अंबुबाईचे भाडेकरू मोबाईल घेऊन उभे राहायला लागले. नवी नवरी रेश्मा पहाटे चारला, अंगावर साडी ठेवून, तांब्यानं आवाज न करता अंघोळ करायची. हे दीड वर्ष चाललं.

बाग मात्र खरीच झाली, आणि ती मायाक्कानं केली.

तिचा धाकटा भाऊ बिरप्पा दर उन्हाळ्याच्या तोंडाला मेंढरं घेऊन तिकडून जायचा. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, तशी तो बहिणीच्या दोन गुंठ्यांत दोन रात्री बसवायचा. "अक्का, तुज्याकडनं काय घेऊ? भाकरी घाल म्हंजे झालं." लेंड्या-मुतानं त्या दगडी जमिनीचा रंग पालटला. भिंत बांधू नका म्हणाले होते, झाड लावू नका असं कुणी म्हणालं नव्हतं. तिनं शेवगा लावला, लिंबू लावलं, सीताफळ, कढीपत्ता, जास्वंद, मोगरा. कोपऱ्यात कडुनिंब आपसूक आला. नळाला पाणी पाचव्या दिवशी. भांडी घासलेलं, तांदूळ धुतलेलं, अंघोळीचं, सगळं पाणी झाडांना. बारा वर्षांत असं झालं की एप्रिलात सगळी वस्ती करपलेली असायची आणि मायाक्काचे दोन गुंठे तेवढे हिरवे. कारखान्यातून पाळी सुटलेल्या बायका निंबाखाली डबा खायला टेकायच्या. अंबुबाई रोज कढीपत्ता न्यायची आणि रोज म्हणायची, "बरं झालं बाई बांधकाम झालं न्हाय, न्हायतर आमाला हे कुटलं दिसायला?"

मायाक्का हसायची. तेव्हा ते बोलणं टोचलं नव्हतं.

युवराजला कारखान्यातल्या कुणीतरी वकील सुचवला. वकील म्हणाला, कायदा आहे. आरक्षण टाकून वर्षानुवर्षं जागा घेतली नाही, तर मालकानं नोटीस द्यायची. त्यानंतर दोन वर्षांत ऑफिसनं हालचाल केली नाही, तर आरक्षण उठतं. नोटीस गेली. वर्ष सरलं, तेव्हा युवराजनं पुढच्या एप्रिलच्या तीस तारखेला कॅलेंडरवर लाल गोल केला आणि दार आणलं. दोन वर्षं भरत आली तरी कुणी फिरकलं नाही. सिद्धरामसुद्धा विटांचा भाव विचारून आला.

मार्चात एक तरुण पोरगा आला, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. "पाहणी आहे मावशी," म्हणाला. मग आत पाऊल टाकलं आणि तिथंच थांबला. "अरे वा! काय सुंदर ठेवलंय हो!"

बारा वर्षांत सरकारच्या माणसाच्या तोंडून मायाक्कानं ऐकलेला हा पहिला चांगला शब्द. ती हरखली. झाडाचं लिंबू तोडून सरबत केलं. एकेका झाडापाशी नेऊन ते कधी लावलं, कुठल्या वर्षी जळता जळता वाचलं, ते सांगितलं. तो फोटो काढत होता. मोगऱ्यापाशी तर तीच म्हणाली, "थांबा, पदर नीट घेते." तिला वाटलं, मेहनत बघितली, आता हा वर जाऊन सांगेल की जागा त्या बाईची हाय, तिला सोडा.

पंधरा दिवसांनी महिपती आला. महिपती वॉर्डातला कार्यकर्ता. नळ, गटार, राशनकार्ड, सगळ्यात हात. त्याच्या हातात कागद आणि कागदावर सह्या.

"वैनी, पेढे काढा! बाग मंजूर व्हनार. रिपोर्ट एक नंबर गेलाय. बाग जाग्यावर तयारच हाय, नुसतं कंपाऊंड आन् बोर्ड लावायचा. नागरिकांची मागनी म्हनून ह्या सह्या."

"आन् आमी?"

"तुमाला टीडीआर देत्यात की."

"ते काय असतंय?"

"कागद असतो. हितं न्हाय बांदायचं, त्या बदली दुसरीकडं जास्तीचं बांदायचा हक्क."

"दुसरीकडं आमची जागा कुटं हाय? न्हाणी काय हवेत बांदू, महिपती?"

महिपती हसला. "तसं न्हाय वो. विकता येतो त्यो. आता सगळ्यांसाठी थोडं सोसाय लागतंय. सरकार तुमाला राशन देतंय, म्हैन्याला बाईच्या खात्यावर टाकतंय..."

"द्यायचं ते देऊ नगा म्हनावं," मायाक्का म्हणाली. "माजं हाय तेवडं ऱ्हाऊ द्या. मी कवा काय मागाय गेले होते का? भिंतीला हात लावू नगा, एवडंच म्हनत हुते."

"बाईमानूस लई बोलतंय, सिद्धरामभाऊ."

सिद्धराम उभाच होता. मायाक्कानं कागद ओढून घेतला. पहिलंच नाव अंबुबाईचं, वळणदार अक्षरात. खाली निंबाखाली डबा खाणाऱ्या बायका, एकूण एक. सबंध गल्ली होती. एक नाव नव्हतं, पिठाच्या गिरणीवाल्या रुद्रप्पाचं.

ती संध्याकाळी दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेली. रुद्रप्पाच्या गिरणीपुढं पूर्वी ओटा होता, बायका दळण होईपर्यंत त्यावर बसायच्या. तीन वर्षांपूर्वी गल्ली रुंद करायची म्हणून असाच कागद फिरला होता आणि ओटा तुटला होता. आता ग्राहक उन्हात उभे राहायचे, आणि रुंद झालेल्या जागेत महिपतीची गाडी लागायची.

"तुमी सही न्हाय केली, अण्णा," ती म्हणाली.

रुद्रप्पानं पट्टा थांबवला. भुवयांवर पीठ होतं.

"न्हाय केली."

"लई उपकार झाले."

"उपकार कसले. करावीशी वाटत हुती." त्यानं डबा वजनाला लावला. "माज्या वट्याच्या कागदावर सातवं नाव तुजं हुतं. मी पाठ केलीत सगळी. तुज्या कागदावर लिवलं असतं तर बरं वाटलं असतं मला. पेन हातात घेतलं, आन् न्हाय लिवलं. का ते मला ठावं न्हाय."

मायाक्काला आठवलं. पाण्याच्या घागरी घेऊन जाताना ओट्याची अडचण व्हायची. महिपतीनं कागद पुढं केला तेव्हा तिनं खरकट्या हातानं सही केली होती, रुद्रप्पाला काय वाटेल हे मनातही आलं नव्हतं. सगळ्यांच्या सोयीचं होतं ना. ती पीठ निवायची वाट न बघता गरम डबा पोटाशी धरून घरी आली.

चौथ्या दिवशी बिरप्पा कळप घेऊन आला. तिनं त्याला भाकरी वाढली, ताक दिलं, मग म्हणाली, "बिरप्पा, औंदा मेंढरं नुसती बसवू नगंस. चरू दे."

"कुटं?"

"हितं. आत सोड सगळी. शेळ्याबी सोड."

बिरप्पानं घास खाली ठेवला. "अक्का, डोकं फिरलं का? शेळी मोगरा ठिवंल का?"

"ठिवू नये म्हनूनच सांगाय लागलेय. बाग हाय म्हनून जागा नेत्यात. बगू तर, बागच न्हाय म्हनल्यावर काय नेत्यात ते."

"आन् झाडं तोडायला बंदी असती म्हनं शेरात."

"मी कुटं तोडतेय? जनावरं शिरली. जनावराला कुनाची नोटीस?"

तिनंच फाटक उघडलं. सव्वाशे तोंडं आत घुसली. शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून सीताफळाच्या फांद्या ओढत होत्या. बिरप्पा आकडीनं शेवग्याचा, निंबाचा पाला खाली वाकवून देत होता आणि बहिणीकडं बघायचं टाळत होता. गच्चीवरून अंबुबाई ओरडली, "अगं मायाक्का, मेंढरं शिरली! हाकल की, येडे! आमची बाग!"

आमची हा शब्द मायाक्कानं ऐकला. ती शेडच्या सावलीला, निळ्या दाराला पाठ लावून बसून राहिली. मोगरा आधी गेला. कढीपत्ता शेळ्यांनी बराच वेळ हुंगला आणि शेवटी तोही खाल्ला. संध्याकाळपर्यंत जमिनीतून नुसत्या काड्या वर आलेल्या दिसत होत्या. रात्री सिद्धराम कामावरून आला, फाटकात उभा राहिला आणि कितीतरी वेळ चपला काढायचं विसरला.

मग ती पाहणीची वाट बघत बसली. येऊ देत, बघू देत उघडी जमीन. रोज सकाळी केस विंचरून तयार असायची. कुणी आलं नाही. सव्वीस तारखेला पत्र आलं. युवराजनं वाचलं, परत वाचलं. पाहणी मार्चातच पूर्ण झाली होती. सोबत जोडलेल्या छायाचित्रांवरून जागेवर सुस्थितीतली बाग असल्याचं दिसत होतं. नागरिकांची मागणी लक्षात घेऊन जागा ताब्यात घ्यायची कारवाई सुरू केल्याचं कळवलं होतं. लाल गोलाला चार दिवस उरले होते.

"पर बाग न्हाय की आता," सिद्धराम म्हणाला. "येऊन बगा म्हनावं की."

युवराजनं ऑफिसात चार खेपा घातल्या. तिथल्या बाईनं फाईल उघडून दाखवली. फाईलमध्ये बाग होती. वकील म्हणाला, कोर्टात जाऊ, वेळ लागेल.

मे महिन्यात बोर्ड आला. दोन लोखंडी खांब काँक्रीटमध्ये रोवले आणि त्यावर दहा फुटी पत्रा ठोकला. 'सार्वजनिक उद्यान', आणि त्याखाली मोठ्ठा रंगीत फोटो: लिंबू, जास्वंद, आणि मोगरा. मोगऱ्याच्या कडेला केशरी पदराचं टोक राहिलं होतं. बाईला कापून काढलं होतं. बोर्ड लागला तो नेमका मोरीला लागून.

माणसं गेल्यावर मायाक्का त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. पत्रा जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत होता. ट्रक गेला, धूळ उडाली, पत्रा हलला नाही.

"युवराज," ती म्हणाली, "दार आन."

"कशाला?"

"ह्या खांबाला बिजागरी बसव. बाकीच्या बाजूंना चादरी हाईत."

सिद्धराम घाबरा झाला. "अगं, सरकारी खांब हाय! हात लावला तर..."

"त्यांची बाग आपल्या जाग्यात चालती. आपलं दार त्यांच्या खांबाला चालंल."

युवराजनं तारेनं आणि नटानं दार बसवलं. बारा वर्षांत त्या घराला मिळालेली ही पहिली भिंत होती, आणि ती पाडायची कुणाची हिंमत नव्हती. मग त्यानं रेश्माला व्हिडिओ कॉल लावला आणि दार उघडून, मिटून दाखवलं. मायाक्का आत उभी राहिली. "बग गं, कडीबी हाय."

रेश्मानं मोबाईल जवळ घेतला. कडेवरची पोर मोबाईलला हात लावत होती.

"आत्या," ती हळू म्हणाली, "वरनं?"

मायाक्कानं मान वर केली. आधी तिथं निंबाच्या पाल्याची थोडीतरी आड असायची. आता मोकळं आभाळ होतं आणि अंबुबाईची गच्ची. अंबुबाई कुरडया वाळत घालत होती. तिनं खाली पाहिलं, ओळखीचं हसली आणि हात केला.

मायाक्कानं दाराला आतून कडी लावली आणि तशीच उभी राहिली.