टाकीजवळची खाट

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगत बसलेय, देव जाणे. वैतागलेय हो — स्वतःवर तर आहेच, पण खरं सांगू? थोडी शबानावरही.

शबाना जळगावला आमच्या समोरच्या घरात राहायला आली, तेव्हापासून मी पुढचं दार लोटून घ्यायला लागले. तिचा नवरा शिलाईकाम करणारा, माणसं शांत. तिने माझं काय घोडं मारलं होतं? काही नाही! पण ‘ते लोक’ म्हटलं की आम्हाला पुढचं काही लागायचंच नाही. आम्हाला कशाला — मला.

मग उन्हाळा आला. गल्लीतल्या बायका माझ्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे करायला जमल्या. शिजवलेलं पीठ ओल्या हाताने खाटेवरच्या फडक्यावर थापायचं, उन्हात वाळवायचं. बोलावलं नसताना शबानाही आली, बाह्या वर करूनच. आता चारचौघींत काय म्हणणार? शिजलेलं पीठ, तिचा ओला हात — आणि तेच उद्या आमच्या ताटात! आणि तोंडाने मी काय म्हणाले? “तुझा हात किती हलका गं! तू आपली त्या टाकीजवळच्या खाटेवर थाप. आमच्या जाड्याभरड्यांत तुझे मिसळायला नकोत.”

ती लाजली. शपथेवर सांगते, आनंदाने लाजली बाई.

तिचे बिबडे वाळले, ते मी वेगळ्या पिशवीत भरले — आणि बादलीत भिजवून गवळ्याच्या म्हशीला घातले. होय, म्हशीला. कसे झाले होते म्हणून तिने विचारलं, तर मी म्हटलं, घरात भांडणं लागली त्यांच्यावरून, बठ्ठे, सगळेच्या सगळे संपले. इतकं खोटं बोलायची गरज होती का? नुसतं ‘छान’ म्हटलं असतं तर जीभ झडली असती माझी?

त्या पावसाळ्यात मला चिकनगुनिया झाला. बोटं अशी आखडली की पाण्याचा पेला धरवेना. रोज दुपारी शबाना यायची, माझ्या ओट्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची आणि तुकडा मोडून मला भरवायची. मी खाल्ल्या. पहिल्या दिवशी भूक होती म्हणून. नंतर तिची वाट बघायला लागले. तिचं माहेरही माझ्यासारखंच पारोळ्याकडचं निघालं. अहिराणीत आम्ही दोघींनी अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढली. आज ती आली नाही तर मला दुपारचा चहा गोड लागत नाही.

मग सांगून टाकायचं ना? कधी? भाकरीचा घास तोंडात असताना? बरं, तीही गप्प बसेल तर शपथ! दर उन्हाळ्यात गच्चीवर पाय ठेवला की पहिला प्रश्न — “अक्का, मन्ही खाट कोठे शे?” एकदा मी ती खाट मुद्दाम खाली टाकून दिली. म्हटलं, सुतळी तुटली, तू आता आमच्यातच थाप. तर ही बया सुतळीची गुंडी घेऊन आली आणि विणत बसली! अगं बाई, इतकं कसं कळत नाही तुला? असं मनातल्या मनात तिच्यावरच चिडायचं. म्हणजे फसवणारी मी, आणि चिडणारीही वर पुन्हा मीच.

यंदा ती धुळ्याहून आणलेली नवी सून घेऊन आली. सगळ्या बायकांसमोर तिला म्हणाली, “ही आपली खाट. गल्लीत मी नवी होते, तरी अक्कांनी इतक्या जणींत फक्त मला वेगळी खाट दिली. केवढा मान! हो ना अक्का?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी हो म्हणाले.

सुनेने ओढणी कमरेला खोचली, हात ओला केला आणि त्या खाटेवर पहिला बिबडा थापला.