चुकलेला बावटा

त्या म्हाताऱ्या कोळ्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. साठच्या दशकाची सुरुवात होती. आज जिथे सीवूड्सचे टॉवर उभे आहेत, तिथे तेव्हा खाजण आणि मिठागरे होती. माझे पोलीस ठाणे जवळच, खाडीकाठी होते.

सकाळची हजेरी संपेपर्यंत तो दारातच उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, माज्या पोराला धरा. इमान चालवाला शिकतंय. त्याला तांबरा न हिरवा येकच दिसतं. डोल्यांच्या तपासनीला त्याचे नावावर चुलतभाव बसला व्हता."

बापच मुलाची खबर देतो आहे, हे पचायला मला वेळ लागला. मुलगा मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबात होता. लेखी परीक्षा, एकट्याने उड्डाण, उड्डाणाचे ठरलेले तास, सगळे पुरे झाले होते. लायसन तेवढे हातात पडायचे होते. तिथल्या छोट्या विमानांत रेडिओ नसे. टॉवरवरचा दिवा हिरवा असला तर उतरायचे, तांबडा असला तर थांबायचे.

मुलाला बोलावले. चौकशीत तो जराही डगमगला नाही. "दाखला सरकारी डॉक्टरचा आहे, साहेब."

दोन पंच घेऊन मी त्याला बंदरावर नेले. एकाच सुताराने बांधलेल्या होड्या दूर नांगरून होत्या, शिडे उतरवलेली. प्रत्येक घराचा बावटा वेगळा. म्हाताऱ्याच्या घरचा तांबडा, शेजाऱ्यांचा हिरवा.

"तुमची होडी कुठली?"

त्याने हिरव्या बावट्याकडे बोट केले. पंच आधी थट्टा समजून हसले. कोळ्याचे शेंबडे पोरही घरचा बावटा चुकत नाही. मुलाने तिथेच सगळे कबूल केले. पुढचे विमान काय करते ते बघून आजवर निभावले, म्हणाला.

"कोनी सांगितलं, साहेब?" त्याने विचारले.

"खबऱ्याचे नाव आम्ही सांगत नाही."

मागे म्हातारा येऊन उभा राहिला होता. "मी सांगितलं," तो म्हणाला.

तोतयेगिरीचा खटला झाला. दोघा भावांना शिक्षा लागली, लायसनची आशा कायमची गेली. बाप प्रत्येक तारखेला जेवणाचा डबा घेऊन कोर्टात येई. मुलगा त्याच्याकडे बघतही नसे. मला राहवले नाही. म्हटले, "बाबा, कशाला येता? तो बोलत नाही तुमच्याशी."

"नाय बोलं. जित्ता हाय ना, साहेब."

खबऱ्या म्हणजे कुणाचा तरी वैरी, असे मी तोवर धरून चाललो होतो. त्यानंतर तसे कधी धरले नाही.