आत्याचं न उकळलेलं औषध

शांताआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला, कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावत होते. फोन नांदेडहून, तिच्या शेजारच्या रझियाभाभींचा. "झोपेतच गेल्या बघ आत्या..." एवढं बोलून त्या रडल्या आणि लगेच म्हणाल्या, "झाडांना मी पाणी घातलंय."

ती झाडं म्हणजे आत्याचा जीव. बाबांची ही थोरली बहीण सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाली आणि भाड्याच्या घराच्या अंगणात फुलांमागं लागली. परदेशी गेलेल्या मैत्रिणीनं तिला जांभळ्या कोनफ्लॉवरचं बी दिलं होतं. रुजण्याआधी या बियांना काही दिवस थंडी मिळावी लागते, म्हणून आत्यानं ते ओल्या फडक्यात बांधून फ्रिजमध्ये ठेवलं. बाबांनी पुरचुंडी सोडून विचारलं, "अक्का, ही कसली मटकी? मोडच येईनात की!" आत्या आठवडाभर हसत होती.

पुढं फुलं आली... खाली झुकलेल्या जांभळट पाकळ्या, मधोमध काटेरी तांबूस गोंडा. याच्या मुळांचा काढा सर्दी-खोकल्यावर घेतात, हे आत्यानंच कौतुकानं गल्लीला सांगितलं आणि पस्तावली. कारण मूळ हवं तर झाड उपटायला हवं. हिवाळा आला की रझियाभाभी खोकत दारात.

"आत्या, द्या की वो जरासं मूळ."

"अजून कवळं हाय."

"इतके साल झाले, कवळंच?"

"तुझा खोकला तरी कुठं जून झालाय?"

मग दोघी हसत सुटायच्या. आत्या स्वतः शिंकून बेजार व्हायची, पण तिनं झाडाला खुरपं लावलं नाही.

जलदानविधीनंतर घरमालक म्हणाले, अंगणात फरशी बसवायची आहे. म्हणजे झाडं काढावीच लागणार होती. खुरपं हातात घेऊन मी कितीतरी वेळ नुसती बसले. आत्याला जे कधी जमलं नाही, ते माझ्या हातून... शेवटी रझियाभाभीच शेजारी येऊन बसल्या. आम्ही हलक्या हातानं माती मोकळी केली. गड्डे मुळांसकट अलगद वर आले. त्यातला सगळ्यात जाड गड्डा मी त्यांच्यापुढं धरला. "घ्या भाभी. आता उकळा खुशाल."

"उकळू? येडी झालीस का गं?" म्हणत त्यांनी तो तेलाच्या रिकाम्या डब्यात लावून टाकला. बाकीचे मी लातूरला आणले.

परवा भाभींचा फोन आला. खोकल्यानं शब्द फुटत नव्हता. मी घाबरलेच. धाप आवरून त्या म्हणाल्या, "अगं, नवं पान फुटलंय! आन् ऐक... कुणी मूळ मागाया आलं ना, तर हाकलूनच देते मी."