हुनामची बोजागी

सोलमध्ये पाहण्यासारखी संग्रहालयं ढिगाने आहेत. राजांचे मुकुट काय, सोन्याचे कमरपट्टे काय! पण दोंगदेमुन बाजारामागच्या चढावर राहणाऱ्या बायकांना विचाराल, तर त्या आपल्याच गल्लीतल्या दोन खोल्यांच्या संग्रहालयाचं नाव घेतील, आणि तेही नाक वर करून.

तिथे दोंगसिकच्या आईचं कापड प्रदर्शनात लागणार होतं. शिवणकामाच्या कारखान्यात तिचं आयुष्य गेलं. कापड कापताना उरलेले तुकडे जोडून तिने एक बोजागी, म्हणजे गाठोडं बांधायचं चौकोनी कापड, शिवली होती. उजेडात धरली की बघणाऱ्याचे डोळे निवायचे.

"आजी, पाटीवर नाव काय लिहू?" संग्रहालयात काम करणाऱ्या पोरीने, गायोंगने विचारलं.

"दोंगसिकची आई."

"ते दोंगसिकचं झालं. तुमचं?"

म्हातारी घुटमळली. ती जन्मली तेव्हा चौथीही मुलगीच म्हणून बापाने कपाळाला हात लावला आणि नाव ठेवलं हुनाम, म्हणजे 'यानंतर मुलगा'. आपल्याकडे नकुशा ठेवतात ना, तसलंच. लग्नानंतर दोंगसिक झाला, सगळे त्याच्याच नावाने हाक मारू लागले आणि ते नाव झाकलं गेलं, याचं तिला बरंच वाटायचं. पण टाके काही दोंगसिकने घातले नव्हते.

"रा हुनाम," ती आडनावासकट पुटपुटली. "बारीक अक्षरात लिही हं."

उद्घाटनाला किंबापचे डबे घेऊन अख्खी गल्ली लोटली. पुढे होती शेजारीण, मिजाची आई. तिने पाटी वाचली आणि तिचा पारा चढला.

"ए पोरी! हे आमच्या दोंगसिकच्या आईचं काम. मशीनला मशीन लावून जन्म काढला आम्ही, तिचा टाका मी झोपेत ओळखीन! आणि खाली ही कोण रा हुनाम? फुकटचं नाव लावणारी!"

सगळे वळून बघू लागले. हुनामला वाटलं, हळूच सटकावं. पण आपल्याच कामावर आपलंच नाव फुकटचं ठरतंय, हे तिला सोसवेना.

"ती मीच," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"तू? इतक्या वर्षांत बोलली नाहीस कधी?"

"तू कधी विचारलंस?"

मिजाच्या आईने जीभ चावली. पण गप्प बसेल तर ती कसली! "मग, तुझ्यानंतर बापाला झाला का गं मुलगा?"

"कसला! पाचवीही पोरगीच."

हशा पिकला. बोजागीनंतरच्या काचेत कुणा बड्या साहेबाचा कोट टांगला होता. त्याच्याकडे बोट दाखवत मिजाची आई म्हणाली, "हा बघ, आज आलाच की तुझ्यानंतर पुरुष!"

पण त्या कोटाकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. सगळ्या बायका बोजागीपाशी दाटीवाटीने उभ्या राहून एकमेकींना ते नाव वाचून दाखवत होत्या. हुनामने हातातल्या पिशवीतून चष्मा काढला, पाटीवर वाकून नीट पाहिलं आणि मान ताठ केली.

"गायोंग, अक्षरं फार बारीक झालीत गं. मोठी कर."