कोकिळाअक्कांच्या बिबड्या आणि केळीतलं घर

कोकिळाअक्कांबद्दल मी लिहावं एवढी आमची ओळख नव्हती. नशिराबादला घरं समोरासमोर, पण मी बोलायला बिचकणारा. बोलणं व्हायचं ते उन्हाळ्यात. गल्लीतल्या बायका पहाटे ज्वारीचा घाटा शिजवायच्या, त्याच्या बिबड्या, म्हणजे जाडसर पापड, थापायच्या आणि आमच्या घराच्या सपाट मातीच्या छतावर, धाब्यावर, वाळत घालायच्या. अक्कांचं माहेर धुळ्याकडचं, बोलणं अहिराणी, आणि या कामात पुढारीपण त्यांचंच. घाट्याचा तो वास धाब्यावरून खाली यायचा. आता आमच्या धाब्यावर पत्रे आहेत.

नवरा गेल्यावर अक्कांना मुलाने, अमृतने, फैजपूरला नेलं. तिथे केळीच्या बागेत त्याने नवं घर बांधलं होतं. खोल पडव्या, मधे पोहायचा हौद, पाहुण्यांसाठी दोन खोल्या. भर मे महिन्यात आत गारवा. आम्ही बघायला गेलो तेव्हा सगळे कौतुक करत होते. अक्का मात्र वर बघत घरभर फिरत होत्या.

"अमृत, घर बठ्ठं चांगलं शे. पन ऊन कोठे शे?"

"आई, ऊन येऊ नये म्हणूनच तर असं बांधलं."

"मंग बिबड्या काय पंख्याखाली वाळवू?"

आम्ही हसलो. अक्का हसल्या नाहीत. इथे गल्लीतल्या बायका येणार नसतील तर मी नशिराबादलाच बरी, असं त्यांनी सुनेला, दिपमालाला, सांगून टाकलं.

तरी एकदा त्यांनी हौदाकाठच्या आरामखुर्च्यांवर बिबड्या घातल्याच. पुण्याचे पाहुणे पोहून आले आणि टॉवेल गुंडाळून उभेच राहिले. त्यांच्यातल्या एका बाईंनी ओलीच बिबडी उचलून खाल्ली, वर दुसरी मागितली. पण अमृत आईवर चिडला. अक्कांनी कपड्यांची पिशवी भरली.

दिपमालाने त्यांना कसंबसं थांबवलं. पुढे घड उतरले, बाग कापली, तेव्हा अमृतने पडवीसमोरच्या तुकड्यात पुन्हा केळी लावली नाहीत. घराचा नकाशा काढणारा नाराज झाला, त्याच्या चित्रात तिथे हिरवंगार होतं. अमृतने जमीन चोपून घेतली आणि खाटा टाकल्या.

पुढच्या उन्हाळ्यात आमची अख्खी गल्ली टेम्पोत बसून फैजपूरला गेली. मीही गेलो. बायकांची थट्टामस्करी चालली होती, खाटांवर जुनी लुगडी अंथरून त्यांवर बिबड्या घातलेल्या. मी काय करावं न सुचून तिथेच उभा होतो.

श्रावणात अक्का गेल्या. खाटांपाशी त्या दिवशी झालं तेच आमचं शेवटचं बोलणं.

"नाना, जरा सरका. तुमनी सावली पडी ऱ्हायनी."

"सरकतो, अक्का."