मेलेला चुना

डीएपी खताची गोणी मी डोळे मिटून कधीच घेत नाही. आर्णीच्या दुकानातच गोणीतले चार दाणे तळहातावर घेतो, तंबाखूच्या डबीतला चुना त्यांना लावतो आणि अंगठ्याने रगडतो. खत खरं असेल तर असा वास सुटतो की डोळ्यांत पाणी येतं.

यंदा वास आलाच नाही.

"वास काहून नाही येऊन राह्यला?" मी दुकानदारावर ओरडलो. गिऱ्हाइकं जमली. त्याने शांतपणे माझी डबी हातात घेतली. झाकण सैल होतं आणि हवा लागून आतल्या चुन्याचा कोरडा खडू झाला होता.

"भाऊ, खत नाही, तुमचा चुना मेला," तो म्हणाला. शेजारच्या पानठेल्यावरून ओला चुना आणून त्याने त्याच गोणीतले दाणे माझ्या हातावर चोळले. नाकात झणझणीत झोंबलं. मी पैसे मोजले आणि गोणी उचलली.

पण तेव्हापासून माझ्या खिशात डीएपीचे दाणे असतात. पानठेल्यावर चुना घेताना आधी ते रगडून बघतो. ठेलेवाला तोंड वाकडं करतो. करू दे.