दारातली सून

मालिकेच्या ऑफिसात आम्ही दोघीच थांबलो होतो, लेखकाची कायम नोकरी मिळेल म्हणून. शेजारी बसलेल्या ताई पन्नाशीच्या, वर्षानुवर्षं एपिसोडमागे पैसे घेऊन संवाद लिहिणाऱ्या. लॅपटॉपवर लिहिताना त्या पुटपुटत होत्या, कधी सासूच्या आवाजात, कधी सुनेच्या. मला तर कुणासमोर एक ओळ लिहायचीही लाज वाटते.

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "ताई, कायम कुणालाच घेत नाहीयेत. एपिसोडवरच काम मिळेल."

ताई म्हणाल्या, "बरं. पण जरा बसू दे गं. सून घर सोडून निघालीय, तिला अशी दारात कशी ठेवू?"

आधी पगार, मग लेखन, असं मी धरून चालले होते. नोकरीची आशा माझीही गेली होती, तरी उठवेना. ती सून पुढे काय बोलते, ते मला ऐकायचं होतं.